तांदळातली डबी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढे नाही, देवापुढेही नाही. देवापुढे तर मुद्दामच नाही, कारण अंबाबाईच्या रांगेत उभा राहिलो की मागचा माणूस कान देऊन ऐकतोय असं मला वाटत राहतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही. ओळख असती तर सांगितलं नसतं. आणि सांगायची वेळ आलीच असती, तर तुम्ही कुणाच्या जवळचे, कुणाच्या लांबचे, याची आधी चौकशी करून घेतली असती.

पण थांबा — आधी माझा स्वभाव सांगायला हवा. नाहीतर पुढचं तुम्हाला खरं वाटायचं नाही.

मी संशयी माणूस आहे. थोडाथोडका नाही. देवळाबाहेर मी एक चप्पल या टोकाला काढतो आणि दुसरी त्या टोकाला, म्हणजे चोराला जोडी जमवायची तर जरा कष्ट पडावेत. भाजी घेताना काट्याच्या पारड्याखाली वाकून बघतो. कॉलेजजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं कुणी सही करायला पेन मागितलं तर पेन देतो आणि टोपण माझ्या खिशात ठेवतो. आजवर एकही पेन गेलेलं नाही. एकही माणूस दुसऱ्यांदा पेन मागायला आलेला नाही, हेही खरं.

माझा थोरला भाऊ — आमचा दादा — अगदी उलटा. दादा कुस्तीचा निवेदक होता. तुम्ही आमच्या भागातले नसाल तर जरा सांगतो. इकडे गावची जत्रा म्हटली की कुस्त्यांचं मैदान आलं, आणि मैदान म्हटलं की हलगी आली आणि माइक धरलेला निवेदक आला. लांब झाडावर चढून बसलेल्याला पैलवान दिसतात मुंगीएवढे. त्याला कुस्ती कळते ती निवेदकाच्या तोंडून. कुणी पट काढला, कोण सुटला, हा कुठल्या वस्तादाचा पठ्ठ्या, याच्या आज्यानं ह्याच मातीत कुणाला आस्मान दाखवलं होतं — सगळं दादाला तोंडपाठ. मैदानात लोक उठून उभे राहायला लागले की तो ओरडायचा, "अरं बसा की पावणं खाली! मागच्यांलाबी देवानं डोळं दिल्यात!" आणि लोक बसायचे. हजारो लोक हसत हसत खाली बसायचे. दोन तुल्यबळ गडी गुंतले की त्याचा आवाज उतरत उतरत अगदी कानाशी बोलल्यासारखा व्हायचा, मग हलगीही थांबायची.

एकदा मलकापूरच्या बाजूला मैदान होतं. मी स्टेजशेजारी दादाची पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. संयोजकांपैकी कुणीतरी म्हणालं, द्या इकडं, आत ठेवतो. मी दिली नाही. दादानं ते बघितलं आणि माइकवरूनच म्हणाला, "आमचं धाकटं बघा. सोताच्या सावलीलाबी आधार कार्ड मागतंय!" अख्खं मैदान हसलं. मीही हसलो. तुम्हाला वाटेल, एवढ्यावरून हा माणूस — नाही. एवढ्यावरून काही नाही. सांगायचं राहू नये म्हणून सांगितलं, इतकंच.

घरात मात्र हा आवाज नसायचा. मैदानांच्या हंगामात दादा घसा राखायचा. चहा खुणेनं मागायचा. भाकरी हवी असली तर एक बोट, ठेचा हवा असला तर चिमूट. वहिनी त्याच्यासाठी ज्येष्ठमध कुटून ठेवायची, कोमट पाण्यात हळद घालून द्यायची, दही-लोणचं त्याच्या नजरेसही पडू द्यायची नाही. लग्न झाल्यापासून ती त्या घशाची राखण करत होती. आणि तो आवाज मैदानात कसा लागतो, हे तिनं एकदाही ऐकलं नव्हतं. बायका मैदानात जात नसत. हल्ली मुलीही लांघ बांधून कुस्तीला उतरतात, बघायला बायका येतात. पण वहिनीच्या उमेदीत तसं नव्हतं, आणि पुढं दिवस बदलले तेव्हा तिला कुणी "चला" म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

दादाला एक सवय होती. स्पीकरच्या मशीनमधून वायर काढून तो स्वतःचं बोलणं टेप करायचा आणि घरी येऊन लॅपटॉपमध्ये भरून ठेवायचा. मग कानाला हेडफोन लावून ऐकत बसायचा. कुठं घाई झाली, कुठं वस्तादाचं नाव चुकलं, ते बघायचा. हेडफोन लावून — म्हणजे घरात तो आवाज यायचा तोही त्याच्या एकट्याच्या कानात. लोकांच्या मोबाइलमध्ये तुम्हाला दादाच्या कुस्त्या सापडतील, पण त्यात हलगी, शिट्ट्या आणि फाटका कर्णा. दादा त्यात आहे की दुसरा कुणी, हे मलाही सांगता यायचं नाही. स्वच्छ आवाज होता तो फक्त त्या लॅपटॉपमध्ये.

दादा गेला. हार्ट अटॅक आला, एका गावच्या मैदानाला निघाला होता, फेटाही बांधून झाला होता. त्यानंतर लॅपटॉप तसाच पिशवीत राहिला आणि पुढं कधीतरी चालू केला तर चालूच होईना.

वहिनी मग माझ्या मागं लागली. मागं लागली म्हणणंही बरोबर नाही. दुकानातून आलो की पाण्याचा तांब्या ठेवताना विचारायची, झालं का ओ काय त्याचं. एकदा मात्र समोर बसली आणि म्हणाली, "भावजी, अख्ख्या जिल्ह्यानं ऐकलंय की त्यास्नी. म्याच तेवढं न्हाय ऐकलं."

आता ह्यात संशय घ्यायला काही जागा आहे का? तुम्हीच सांगा. मी घेतला.

वहिनीचा भाऊ जयसिंगपूरला असतो, त्याचा स्पीकरचा धंदा आहे. तो दिवसकार्याला आला होता तेव्हा म्हणाला होता, त्या लॅपटॉपचं काय करायचं ते मी बघतो, पेनड्राइव्हवर भरून देतो. माझ्या डोक्यात तेव्हापासून किडा वळवळत होता. ह्याला काय करायचंय दादाच्या आवाजाचं? जत्रांमधून वाजवणार असेल. स्वतःच्या नावानं मोबाइलवर टाकणार असेल. वहिनीला हाच फूस लावत असणार, नाहीतर तिला एकदम आवाज का आठवावा? एकदम! नवरा गेलेल्या बाईला नवऱ्याचा आवाज आठवला, तर मला त्यात डाव दिसला.

म्हणून तो लॅपटॉप मी कुणाला दिला नाही. स्वतः घेऊन चौगुलेकडे गेलो.

चौगुलेचं दुरुस्तीचं दुकान आहे, माणूस बोलघेवडा, दादाचा भक्त. त्यानं लॅपटॉप उघडला, आतला भाग जळलेला दाखवला, आणि एक चपटी, तळहाताएवढी वस्तू बाहेर काढली. "मशीन गेलंय, पर हार्डडिस्क जित्ती हाय. ही अशी डबीत बसवायची, वायर जोडायची, की झालं." त्यानं तसल्या एका काळ्या डबीत ती सरकवली आणि टोपण लावलं. मग म्हणाला, "हितं ठिवून जावा, मी सगळं काढून देतो."

ठेवून जावा! दादाच्या भक्ताकडे दादाचा आवाज ठेवून जाऊ? हा दोन प्रती काढून एक स्वतःला ठेवणार, हे मला तिथंच दिसलं. मी म्हणालो, घरी बघतो मीच. मलाही कळतं यातलं.

चौगुलेनं डबी माझ्या हातात दिली. मग म्हणाला, दादांचा लॅपटॉप हळू चालायचा म्हणून त्यानंच त्यात नेहमीची विंडोज काढून दुसरी, हलकी सिस्टीम घातली होती. त्यामुळं माझ्या कॉम्प्युटरला ही डिस्क वाचता यायची नाही. मोडी लिपीतला कागद आपल्यापुढं धरावा, तसं. "त्यो तुमास्नी इचारंल, फॉरमॅट करू का म्हणून. न्हाय म्हणायचं. काय बी इचारू दे, न्हाय म्हणायचं आनी माझ्याकडं यायचं."

एवढं स्पष्ट. ह्याहून स्पष्ट कुणी काय सांगणार? पण मी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं — माझ्याकडं यायचं. वाटलं, गिऱ्हाईक परत यावं म्हणून दुकानदार असंच घाबरवतो. मीही दुकानदार आहे.

खंडेनवमीच्या आधीची दुपार असेल, दुकानात गर्दी नव्हती. मी डबी जोडली. आत काहीतरी हलकंसं फिरू लागलं, बारीक गुणगुण आली. आणि पडद्यावर चौकट उघडली. ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

मी त्या चौकटीकडे बघत राहिलो. "न्हाय म्हणायचं" म्हणाला होता चौगुले. का बरं? जयसिंगपूरचा तर आधीच हात मारून गेला नसेल? त्यानंच काही कुलूप घातलं असेल तर? दुकानात लोकांचे पेनड्राइव्ह अडतात, ते मी फॉरमॅट करतो आणि ते चालू होतात. हे मला येतं, एवढं मला येतं, असं मी मनाशी म्हणालो. आणि "हो" दाबलं.

समोरच्या टपरीवरून चहा येईपर्यंत झालंसुद्धा. डिस्क उघडली. पांढरीफेक. आत काही नाही. खाली लिहिलेलं, एवढी एवढी जागा मोकळी आहे.

अज्ञानानं दाबलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण मी कुणालाच सोडत नाही तर स्वतःला का सोडू? ते मलकापूरचं मैदान, ते हसणं — माझ्या बोटात त्यातलं काहीच नव्हतं का? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. आणि इथवर जे सांगितलं, ते मी कबूल करायला बसलोय ते नव्हेच. चूक कुणाच्याही हातून होते.

डबी घरी आणली आणि माझ्या फळीवर ठेवून दिली. वहिनीनं विचारलं तर म्हणालो, बघतोय, वेळ लागतो त्याला. तिनं मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास होता. घरातला कॉम्प्युटरवाला मीच.

मग खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजतात. कोयता, विळी, कात्री, सुरी. आता काळानुसार दुकानातला स्टेपलर, मिक्सर, माझा लॅपटॉप, असं सगळं पाटावर येतं. पूजा वहिनीच करायची. त्या वर्षी तिनं दादाचा माइक ठेवला, आणि त्याच्याशेजारी माझ्या फळीवरची ती काळी डबी आणून ठेवली. वहिनीचा हात सढळ. जेवण वाढताना सढळ, पूजेतही सढळ. झेंडूचं फूल पाण्यात बुडवून तिनं सगळ्यांवर पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं. डबीला वायरसाठी एक छोटं भोक असतं. त्या भोकापाशी कुंकवाचा ओला ठिपका बसलेला मी बघितला.

बघितला, आणि माझ्या जिवात जीव आला.

हे लिहायला बसलो तेव्हा ह्या वाक्यापाशी मी उठून गेलो होतो. जिवात जीव आला! माणसाला सुटका दिसली की कसं होतं, तसं झालं. मी काही ठरवलं नव्हतं, बघा — म्हणजे सकाळपर्यंत नव्हतं. दुपारी पुरणपोळी खाल्ली. चार वाजायच्या सुमारास डबी हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "वहिनी, ह्यात पाणी गेलंय. चालू होईना."

ती भांडी लावत होती. तिनं हात पुसले, पुन्हा पुसले, आणि डबी माझ्याकडून घेतली. "माझ्या हातनं?" एवढंच विचारलं. मी काही बोललो नाही. नाही म्हणायला एक शब्द लागला असता. मी नुसता उभा राहिलो, आणि घरच्या शहाण्या माणसानं असं गप्प उभं राहणं म्हणजे "होय" असतं, हे मला चांगलं माहीत होतं.

आमची ही म्हणाली, मोबाइल भिजला तर तांदळात ठेवतात. वहिनीनं लगेच शाहूवाडीकडून आलेल्या नव्या तांदळाचा डबा ओढला, दोन्ही हातांनी खड्डा केला आणि डबी पदरानं पुसून त्यात पुरली. वरून तांदूळ लोटले, आणि त्यावर बोटानं स्वस्तिक काढलं. त्या डब्यातला तांदूळ कुणी शिजवायचा नाही, असं घरात ठरलं. रोज सकाळी देवपूजा झाली की ती त्या डब्यालाही हात लावून नमस्कार करायची. मी पेपर वाचत असायचो. पेपरच्या वरून दिसायचं.

मला झोप लागेना. आता तुम्ही म्हणाल, पश्चात्तापानं. छे. भीतीनं. वहिनी म्हणत होती, चौगुलेला दाखवू या. म्हणून मीच आधी चौगुलेकडे गेलो आणि आडून विचारलं, एका गिऱ्हाईकानं चुकून डिस्क फॉरमॅट केली तर? तो हसला. "नुसतं फॉरमॅट झालं असंल तर येतंय की परत. पाटी पुसलीया, पर अक्षरं दिसत्यात अजून. वर काय भरू नगा म्हणावं. भरलं की संपलं."

म्हणजे दादा अजून आत होता.

इथं तुम्हाला वाटत असेल, हा पळत घरी गेला, डबी आणून चौगुलेच्या हातात दिली. मलाही वाटतं कधी कधी की मी तसं केलं. पण चौगुलेनं डबी जोडली असती तर त्याला लगेच कळलं असतं की डिस्क जिवंत आहे, पाणी कुठंही गेलेलं नाही, आणि कुणीतरी ती पुसली आहे. आणि चौगुले गप्प बसणारा माणूस नाही. चौकात कळलं असतं. जयसिंगपूरला कळलं असतं. वहिनीला कळलं असतं की पुसलं कुणी — आणि ढकललं कुणावर.

त्याच आठवड्यात वहिनी माहेरी गेली. जाताना मला म्हणाली, "भावजी, तांदळाकडं तेवढं ध्यान असू द्या." कुणाला राखण दिली, बघा.

दुपारी ही शेजारी गेली होती. मी डब्याचं झाकण काढलं, हात आत घातला, डबी बाहेर काढली आणि माझ्या लॅपटॉपला जोडली. तीच गुणगुण. मग मी ती भरली. दुकानातल्या लग्नपत्रिका भरल्या. वास्तुशांतीच्या, बारशाच्या, साखरपुड्याच्या पत्रिका, उतरवून ठेवलेले सिनेमे, भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ. एकदा भरून जागा उरली, म्हणून तोच व्हिडिओ पुन्हा भरला. आणि पुन्हा. मी तिथंच बसून होतो. पडद्यावरची हिरवी पट्टी पुढं सरकत होती आणि मला ठाऊक होतं ती कशावरून सरकते आहे. मधेच वायर ओढता आली असती. अर्धं राहिलं असतं. पाव राहिलं असतं. एक कुस्ती राहिली असती. मी ओढली नाही. डिस्क भरली असं मशीननं सांगितलं, तेव्हाच थांबलो.

हे ते. हे मी केलं. चुकून नाही.

डबी पुसली, तांदळात खोल पुरली, आणि वरून तळहातानं तांदूळ छान सपाट केले. झाकण लावलं.

वहिनी आली. चपला काढल्या, हातपाय धुतले आणि आधी तांदळाचा डबा उघडला. आत बघत राहिली. जरा जास्तच वेळ बघत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं — स्वस्तिक. मी सपाट केलेल्या तांदळावर काहीच नव्हतं. तिनं झाकण परत लावलं, माझ्याकडे वळली आणि विचारलं, "भावजी, चा घेणार?"

मी घेतो म्हणालो.

पुढं तिच्याच आग्रहानं मी डबी पिशवीत घालून "चौगुलेकडे" गेलो. म्हणजे रंकाळ्यावर गेलो. कट्ट्यावर बसून भेळ खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, पण ते मिरचीनं आलं, उगाच दुसरं काही सांगत नाही. घरी येऊन म्हणालो, चौगुले म्हणतात, गेलं. वहिनीनं डबी घेतली, लाल फडक्यात बांधली आणि देव्हाऱ्यात ठेवली.

तेव्हापासून ती खंडेनवमीला पाणी शिंपडत नाही. कोरडीच अक्षता वाहते. मिक्सरला हात लावत नाही, पाट्यावर वाटते. टीव्हीचा रिमोट दुसऱ्याकडून दाबून घेते. पुतणी, म्हणजे दादाची मुलगी, पुण्याला असते. तिनं आईसाठी चांगला मोबाइल आणला, तो तसाच खोक्यात आहे. नातवाचा व्हिडिओ कॉल आला की आमच्या हिनं नाहीतर मी मोबाइल धरायचा, आणि वहिनी हात पदराखाली घेऊन लांबून त्याच्याशी बोलते. तो म्हणतो, आजी, जवळ ये की. ती येत नाही. "माझ्या हातानं मशीन मरतंय रं," असं सांगते त्याला. मोबाइल माझ्या हातात असतो. तो हलू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरतो.

एकदा तिनं मला विचारलं, तुम्ही सोबत जात होता की, कसं बोलायचे ते, जरा बोलून दाखवा. मला सगळं पाठ आहे. त्याची सलामीची वाक्यं, तो श्वास कुठं घ्यायचा, "पैलवान, सावध" म्हणताना कसा खाली उतरायचा. घसा तोच, आईबाप तेच, मी बोललो असतो तर पुष्कळसं जमलंही असतं. मी म्हणालो, नीटसं आठवत नाही. का म्हणालो? आवाज काढला असता तर त्याच आवाजात पुढचं सगळं बाहेर पडेल, असं वाटलं.

आणि आता मला दुसराच संशय खातो. तिला माहीत आहे. कधी वाटतं माहीत आहे, कधी वाटतं माझ्याच मनाचे खेळ. स्वस्तिकाचं ती कधी बोलली नाही. पण चौगुलेच्या दुकानावरून तिची भाजीची वाट जाते. त्यानं कधी हाक मारून विचारलं नसेल, त्या डिस्कचं काय झालं म्हणून? विचारलं असेल तर ती काय म्हणाली असेल? ती मला जेवायला वाढते तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे बघतो. ती आधीसारखीच सढळ वाढते.

ह्या खंडेनवमीला पुतणी आली होती. पाटाशेजारी लाल फडक्यात बांधलेली डबी बघून म्हणाली, "आई, दे ही माझ्याकडं. आमच्या ऑफिसात एकजण हाय, बुडालेल्या डिस्कमधनंबी काढून देतो." मी डबीकडे बघितलं. आता जोडेल, आता उघडेल, आणि देव्हाऱ्यातल्या डबीतून भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ निघेल, एकावर एक, तोच तोच.

वहिनी फुलं निवडत होती. वर न बघता म्हणाली, "नगं. भावजींनी दावून आणलंय की." मग वर बघितलं. पोरीकडे नाही, माझ्याकडे. "व्हय न्हवं?"

मी व्हय म्हणालो.

तिनं लाल फडकं सोडलं, डबी माइकशेजारी ठेवली, कोरडं कुंकू लावलं. डोळे मिटून डबीपुढं हात जोडले, तिचे ओठ हलत होते. दर वर्षी हलतात. ती काय पुटपुटते हे मला ऐकू येत नाही, पण चुकीची क्षमा मागणारा माणूस ओळखू येतो. मग तिनं ताटलीतलं एक झेंडूचं फूल उचलून माझ्यापुढं धरलं. "पयलं फूल तुमी घाला. त्यांचं धाकटं भाऊ तुमी."

त्या डबीत पाणी कधीच गेलं नव्हतं. तिच्या हातानं काही मेलं नाही. दादा मी पुसला, आणि परत येत होता तेव्हा मीच त्याच्यावर लग्नपत्रिका भरल्या. हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही, आणि आजही सांगितलेलं नाही.

फूल मी घातलं.